देऊ केलेले, स्वीकारलेले, नाकारलेले

बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या ताब्यात साडेतीन वर्षांचं मूल देऊ नये, असं परिपत्रक रिझर्व्ह बँकेने अजून काढलेलं नाही. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात आमच्या नाशिकच्या घरी जे घडलं ते संपूर्णपणे नियमात बसणारं होतं.

हिच्या बहिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि ही पुण्याला निघाली. मुलगा आणि सूनबाई सकाळी आठला अंबडला कामावर जातात ते दिवेलागणीला परततात. नातीची बालवाडी तीन तासांची. ती सुटली की राज्य माझं. निघताना हिने "जमेल ना तुम्हाला?" असं इतक्यांदा विचारलं की मला राग आला. पाच रुपयांच्या फरकासाठी मी आख्खी शाखा रात्री दहापर्यंत बसवून ठेवलेली आहे. मी येणार अशी कुणकुण लागली की मॅनेजर लोक आजारी पडत. असल्या माणसाला वाटीभर वरणभात एका पोरीच्या पोटात घालता येणार नाही?

"एकच सांगते," रिक्षात बसता बसता ही म्हणाली, "तिच्या मागे लागू नका."

यात एकही आकडा नव्हता, म्हणून मी ते लिहून घेतलं नाही.

नातीला घरात आम्ही बाईसाहेब म्हणतो. हे नाव तिला पाळण्यातच पडलं आणि तिने ते आजवर सांभाळलेलं आहे.

त्याच संध्याकाळी मी कापडी पाठीची लांब वही आणि स्वयंपाकघरात ठेवायचा डिजिटल काटा घेऊन आलो. वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, पदार्थ, देऊ केलेले (ग्रॅम), स्वीकारलेले (ग्रॅम), नाकारलेले (ग्रॅम), शेरा. पहिल्याच जेवणात ध्यानात आलं की बेरीज जुळत नाही. मग 'जमिनीवर' असा एक रकाना वाढवला. तरीही थोडा फरक राहीच. तो का राहतो हे कळायला मला आठवडा आणि माझ्या पँटच्या पट्ट्याला एक भोक लागलं. ताटात उरलेलं अन्न टाकवत नाही, हा आमच्या पिढीचा दोष. 'आबांनी खाल्लेले' हा रकाना मी आखला नाही. काही नोंदी न केलेल्याच बऱ्या.

सुरुवात नाचणीने केली. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. ही माहिती मला पाठ होती. पीठ आधी गार पाण्यात कालवून मग चुलीवर ठेवायचं असतं, ही नव्हती. मी ते थेट उकळत्या पाण्यात लोटलं. जे तयार झालं ते वाटीत पडताना आवाज आला.

बाईसाहेबांनी वाटीत डोकावून पाहिलं. चमच्याने एक गोळा खालून वर आणला, तो परत बुडाला.

"आबा, यात बेडूक आहे."

"बेडूक नाही गं, कॅल्शियम आहे."

"त्याला बाहेर काढ."

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पेठ तालुक्यातल्या. त्यांच्याकडे नाचणीला नागली म्हणतात आणि ती डोंगरउतारावर पिकते. त्यांनी ओट्यापाशी उभ्या उभ्या माझ्या पातेल्याकडे पाहिलं आणि "नागलीचं वाटोळं केलं, आबा" एवढंच म्हटलं. वहीत नोंद झाली: देऊ केलेले 150, स्वीकारलेले 0, नाकारलेले 150, शेरा: बेडूक.

तपासनीस हरला की पुस्तकं काढतो. मी वाचायला घेतलं. दोन ते सहा या वयात मुलांना नव्या पदार्थाची भीती वाटते, हे शास्त्राला माहीत आहे. चालायला लागलेल्या पोराने दिसेल ते पान तोंडात घालू नये म्हणून निसर्गाने ही तजवीज केली असावी असं म्हणतात. तोच पदार्थ आग्रह न करता आठ-दहा, कधी पंधरा वेळा पुढे आला की भीती जाते. मला हे फार पटलं. मी दुसऱ्याच दिवशी दुधी आणला आणि सकाळी थालिपिठात, दुपारी भाजीत, चारला मुठियात आणि संध्याकाळी सुपात असा दिवसभर पुढे करत राहिलो. त्या पंधरा वेळा दोन-तीन महिन्यांत विभागायच्या असतात, हे पुढच्या पानावर होतं. 'आग्रह न करता' हे तर त्याच पानावर होतं. संध्याकाळी बेल वाजली आणि शेजारच्या वहिनी दारात दिसल्या तेव्हा बाईसाहेबांनी त्यांना आधी विचारलं, "तू दुधी आणलास?"

त्यात द्राक्षांचा हंगाम सुरू झाला. नाशिकात राहून नातीला द्राक्षं द्यायची नाहीत म्हणजे पाप. पण पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नये, ते घशात नेमकं बसतं आणि श्वास अडकतो. उभे चार तुकडे करून द्यावं. शेंगदाणेही अख्खे नकोत. हे मी पाळलं, आणि यात मी चुकलो नाही हे इथे स्पष्ट नोंदवतो. चष्मा लावून, बारीक सुरी घेऊन मी वाटीभर द्राक्षं चिरली. बाईसाहेबांनी वाटी पाहिली आणि भोकाड पसरलं.

"मोडलं! आबाने मोडलं! जोड!"

चिरलेलं द्राक्ष पुन्हा जोडणे हे काम ज्याने केलं नाही त्याला आयुष्यातला हताशपणा कळलेला नाही. मी खरंच चार फाका चिमटीत धरून एक द्राक्ष उभं केलं. तिने ते नीट निरखलं, "शिवण दिसते" अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं, आणि मग चारही फाका एकेक करून खाल्ल्या. पुढचंही तसंच जोडून हवं होतं. दीड तास चाललं. 'स्वीकारलेले' या रकान्यात त्या दिवशी पहिल्यांदा सन्मान्य आकडा पडला.

या यशाने मला मोह झाला. मोबाइलचं आता सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगून ठेवलंय की या वयाला दिवसाकाठी पडद्यासमोर एक तासापेक्षा जास्त वेळ नको, आणि कमी असेल तितकं उत्तम. सूनबाईचा नियम त्याहून कडक: जेवताना मुळीच नाही. पण वांग्याचं भरीत आणि भाकरी घेऊन मी दिवाणखान्यात फेऱ्या मारत होतो, चिऊ-काऊच्या नावाचे घास काढत होतो, आणि बाईसाहेब ते घास खरोखरच गॅलरीत नेऊन कठड्यावर ठेवत होत्या, कारण चिऊचा घास म्हणजे चिऊचाच. शेवटी मी मोबाइल काढला. माकड उड्या मारायला लागलं. तिचं तोंड आपोआप उघडलं. मी भरीत घातलं. तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. शंभर टक्के वसुली! नेमका तेव्हा त्याच मोबाइलवर सूनबाईचा व्हिडिओ कॉल आला. माकड गेलं आणि तिथे आई आली.

"आई, तू जा," बाईसाहेब ओरडल्या, "माकड दे!"

सूनबाई स्वभावाने गरीब आहे. ती फक्त "बाबा..." एवढंच म्हणाली. टिंबं तिचीच. मी तपासणीत अनेकांना असं पकडलेलं आहे, पण पकडलेल्या माणसाला पोटात काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

आहाराचं हे असं चाललेलं असताना शिक्षणही माझ्याकडेच होतं. मी भिंतीवर अक्षरांचा मोठा तक्ता लावला होता आणि परदेशी पद्धतीचे, असं दुकानदाराने सांगितलेले, लाकडी ठोकळे आणले होते. ठोकळ्यांची किंमत मी घरात सांगितलेली नाही आणि इथेही सांगणार नाही. दोन्ही आघाड्यांवर तोटा दिसताच मला विलीनीकरणाची कल्पना सुचली. बँकांचं करतात, मग अक्षरं आणि अन्न यांचं का नाही? रोज एक अक्षर, आणि त्याच अक्षराचा पौष्टिक पदार्थ.

अ अननसाचा. झकास. आ आवळ्याचा. तिने चावा घेतला, चेहरा गोळा केला, थुंकणार इतक्यात मी पाणी दिलं. आवळ्यानंतर पाणी गोड लागतं. हा चमत्कार तिला इतका आवडला की ती मोरीतलं पाणीही गोड लागतं का बघायला निघाली. इ इडलीची. उत्तम. मग आला ई. तक्त्यावर ईडलिंबू होतं. बाईसाहेब म्हणाल्या, दाखव. मी आयुष्यभर 'ई ईडलिंबाचा' म्हणत आलो, पण ईडलिंबू मीही कधी हातात धरलेलं नव्हतं. पंचवटीतल्या बाजारात एका आजीबाईंपासून सुरुवात करून मी सगळे गाळे पालथे घातले. एकाने मोसंबं पुढे केलं, दुसऱ्याने "काका, ऑनलाइन बघा" म्हणून सांगितलं. स्वरांची वाट पुढे बिकटच होती. ऐ ऐरणीचा, ती कशी शिजवणार? औ औषधाचा. मी अक्षरांचा क्रम सोडून व्यंजनांत शिरलो.

तिथे बाईसाहेबांनी सूत्रं हाती घेतली.

"क कारल्याचा," मी म्हटलं.

"नाही. क केकचा."

"द दुधीचा."

"द दाबेलीचा!"

"बरं, च चवळीचा."

"च चॉकलेटचा. ग गुलाबजामचा. आबा, आ पण आइस्क्रीमचा होतो. तू सांगितलं नाहीस."

शब्दाच्या तोंडाशी असलेला आवाज कानाने वेगळा काढता येणं, यालाच वाचनाची पहिली पायरी म्हणतात. मूल डोळ्यांआधी कानांनी वाचायला लागतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांचा जो पायाभूत टप्पा सांगितलाय त्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे. म्हणजे आमच्या दिवाणखान्यात त्या क्षणी राष्ट्रीय धोरणाची अंमलबजावणी चालू होती. मी शेऱ्यात लिहिलं: 'वाद घालते.'

आणि मग ब चा दिवस उजाडला. 'ब बिस्किटाचा' हे ती म्हणायच्या आत मी बीट शिजवून ठेवलं होतं. बिटाच्या गुलाबी पुऱ्या, दह्यातली कोशिंबीर आणि वर हलवा. रंगावर ती भाळली. ओठ, हात, फ्रॉक, सोफा सगळं गुलाबी. वहीतले आकडे पाहून मी स्वतःच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून हर्षभरित आरोळी आली, "आबा, लाल शू झाली!"

मी पाहिलं. पुढचं मला सलग आठवत नाही. मुलगा आणि सून कामाला निघून गेलेले. मी स्वेटर उलटा घातला, वही काखेत मारली, तिला उचललं आणि रिक्षावाल्याला "हॉस्पिटल!" एवढंच सांगितलं. तो म्हणाला, कुठलं? नाशिकात हॉस्पिटलांची काही कमी नाही. बाईसाहेब वाटेत दिसेल त्याला आनंदाने बातमी सांगत होत्या.

बालरोगतज्ज्ञ बाई वयाने माझ्या सुनेएवढ्या. मी त्यांच्यापुढे वही उघडून ठेवली आणि गंभीर आवाजात सांगितलं की सर्व नोंदी अद्ययावत आहेत, कुठलीही चाचणी करा, खर्चाचं बघू नका. त्यांनी वही वाचली. पानं मागे उलटली. 'बेडूक' या शेऱ्याशी थोड्या थांबल्या. मग आदल्या दिवसाच्या पानावर बोट ठेवून वही माझ्याकडे फिरवली.

बीट: पुरी 90, कोशिंबीर 40, हलवा 110.

"सगळं तुमच्याच वहीत आहे," त्या म्हणाल्या. "बिटातला रंग काहीजणांच्या पोटात पुरता मोडत नाही. जसाच्या तसा बाहेर येतो. एक-दोन दिवसांत जाईल. तुम्हीही खाल्लं होतं का?"

सकाळच्या गडबडीत मी स्वतःची तपासणी केलेली नव्हती. करण्याची इच्छाही नव्हती.

त्यांनी तिचं वजन केलं, 14 किलो 600 ग्रॅम. उंची घेतली, आलेखावर ठिपके टाकले. ठिपके मधल्या रेषेला जवळजवळ टेकलेले. मी म्हटलं, पण ती खात नाही हो. त्यांनी विचारलं, दूध किती? मी अभिमानाने सांगितलं: सकाळी मोठा पेला, दुपारी मोठा पेला, निजताना मोठा पेला. "आणि मधे बिस्किटं वगैरे?" इथे मी जरा खाकरलो. जेवण नाकारलं की पोर उपाशी राहू नये म्हणून मी दोन-चार बिस्किटं देत असे. पण ती वहीत नव्हती. किरकोळ खर्च म्हणून सोडून दिलेली.

"म्हणजे हिशेबाबाहेरची?" बाई म्हणाल्या.

माझ्या कारकिर्दीत हे वाक्य नेहमी मी उच्चारलेलं आहे.

मग त्यांनी समजावलं. दिवसाला अर्ध्या लिटरपर्यंत दूध पुष्कळ झालं. त्याहून जास्त दुधाने पोट भरतं, आणि शरीराला लोहही कमी पडू लागतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, पण दोन ते पाच या वयात ते वर्षाला जेमतेम दोन किलो वाढतं. म्हणून भूक कमी दिसते. मी सवयीने भागाकार केला: दोन किलो भागिले 365. दिवसाला साडेपाच ग्रॅम! खेळण्या-बागडण्याला लागतं ते वेगळं धरा, पण ज्या वाढीच्या काळजीने मी दुधी घेऊन घरभर धावत होतो ती दिवसाला साडेपाच ग्रॅम होती. माझ्या काट्याची अचूकताच मुळी एक ग्रॅम.

"काय द्यायचं, केव्हा आणि कुठे, हे तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या. "खायचं की नाही आणि किती, ते तिला ठरवू द्या." एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात ही वाटणी मांडली, आणि जगभरचे बालरोगतज्ज्ञ ती सांगतात. मला ती अस्वस्थ करून गेली, कारण या वाटणीत तपासनिसाला जागाच नाही. निघताना मी विचारलं, वही पुढे चालू ठेवू का? त्या म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटत असेल तर ठेवा."

त्यानंतर मी शिक्षणशास्त्राकडे वळलो. काहीतरी हातात हवं ना! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी वाचत होतो. 1945 साली बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी माँटेसरी साधनं पाड्यांवर कुठून आणणार? म्हणून बिया, शंख-शिंपले, खडे, पानं हीच साधनं केली, आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी आली ती तिथून. सरकारची एकात्मिक बालविकास योजना तर नंतर, 1975 च्या गांधी जयंतीला सुरू झाली. मी हे सगळं मावशींना मोठ्याने वाचून दाखवत होतो. त्या मटार सोलत होत्या.

"हो का," मावशी म्हणाल्या. "मी गावाला अंगणवाडीत मदतनीसच होते की."

हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या शेजारी, फरशीवर फतकल मारून बाईसाहेब बसल्या होत्या. दाणे एका ताटलीत, सालं परडीत, आणि दाण्यांविना फुगलेल्या शेंगा तिसरीकडे. त्यांना तिने 'खोट्या' असं नाव दिलं होतं. एकेक शेंग अंगठा आणि तर्जनीत दाबून ती फोडत होती. पेन्सिल धरायला हीच पकड लागते, हे मी आदल्याच रात्री वाचलेलं होतं आणि त्यासाठी ठोकळे आणलेले होते. "पाच, सहा, आठ," ती दाणे मोजत होती आणि मोजून झालेले थेट तोंडात टाकत होती. कच्चे, हिरवे, कुणी न सांगता.

"सहानंतर सात," मी म्हटलं.

ती थांबली. हातातली शेंग खाली ठेवली. मावशींनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी कुठल्याही रकान्यात बसवू शकत नाही.

"आबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही गॅलरीत बसता का थोडं?"

मी गॅलरीत बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी आतून आवाज आला, "सहा, सात, आठ. ही शेंग आठची!" संध्याकाळी मटारची उसळ झाली. बाईसाहेबांनी स्वतः लिंबू पिळलं. मी सांगायला लागलो की लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे उसळीतलं लोह अंगी लागतं, तेवढ्यात पुढची धार माझ्या डोळ्यात आली. उसळ तिने किती खाल्ली ते मला माहीत नाही. डोळा चोळत असल्याने नोंद घेता आली नाही.

ही पुण्याहून आली तेव्हा वही बाईसाहेबांच्या ताब्यात गेलेली होती. एका पानावर त्यांनी मोठं 'आ' काढलं होतं, काना उलट्या बाजूला. ते आइस्क्रीमचं असावं असं मला वाटलं. नव्हतं. ते आबाचं होतं. माझ्या ताटातलं काय संपलं आणि काय राहिलं याच्या खुणा त्या रोज रात्री त्याखाली करत होत्या. हिने पानं चाळली, बेडकापाशी हसली, बिटापाशी डोक्याला हात लावला. त्या रात्री हिने दोडक्याची भाजी केली. दोडका मी लहानपणापासून खात नाही. पानाच्या कडेला लोटतो आणि वर चपातीचा तुकडा झाकतो.

बाईसाहेबांनी तुकडा उचलून खाली पाहिलं आणि पेन्सिल मागितली.

मी घाईने एक फोड तोंडात टाकली आणि हिला सांगितलं की डॉक्टरांच्या मते किती खायचं ते खाणाऱ्याने ठरवायचं असतं.

"तो नियम सहा वर्षांखालच्यांना," ही म्हणाली, आणि आणखी दोन चमचे वाढले.